बाबा, उच्चार सुधारू नका, रकाने आखा

कोलंबस, ओहायो
सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

मनू युनिव्हर्सिटीच्या स्पीच अँड डिबेट टीममध्ये गेली, हे तिने तुम्हाला सांगितलंच आहे. बाबा, रविवारी व्हिडिओ कॉलवर तिची तयारी ऐकायला तुम्ही कबूल झालात, ते फार बरं झालं. पण त्याआधी हे पत्र वाचा. वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षक म्हणून तुमचा जो हात बसलाय, तो इथे निम्माच उपयोगी पडेल.

आधी आईच्या शंका. टीममध्ये जायला अनुभव लागत नाही, नवख्यांचा वेगळा गट असतो. हंगाम साधारण सप्टेंबर ते एप्रिल. स्पर्धा बहुतेक शनिवार-रविवारी दुसऱ्या गावच्या कॉलेजात. टीमची व्हॅन असते आणि कोच बरोबर असतात. प्रवास आणि प्रवेश फी टीमच्या खात्यातून, आपला खर्च एका सुटाचा. खाण्याबद्दल मात्र तुझी काळजी रास्त आहे. दोन फेऱ्यांमध्ये जेमतेम पिझ्झ्याचा तुकडा खाण्याएवढा वेळ मिळतो. चिवडा पाठव.

स्पीच म्हणजे एकट्याने बोलायचे प्रकार. त्यातले दोन ती करणार आहे. इम्प्रॉम्प्टूत चिठ्ठीवर एखादं सुवचन येतं. विचार करणं आणि बोलणं मिळून ७ मिनिटं. साधारण दोन मिनिटं विचार, पाच मिनिटं भाषण असा हिशेब ठेवतात. एक्स्टेम्पमध्ये चालू घडामोडींवरचे तीन प्रश्न येतात, त्यातला एक निवडून ३० मिनिटं तयारी आणि ७ मिनिटं भाषण. कुठली बातमी कोणत्या तारखेची, हे बोलताना सांगावं लागतं. त्यामुळे आजोबांनी कॉलवर पेपरातली बातमी काढली की ती टिपून घेईल, नवल वाटू देऊ नका.

आता डिबेट. आपल्याकडे वादविवादात विषय आठवडाभर आधी कळतो आणि अनुकूल किंवा प्रतिकूल बाजू पाठ करून जाता येतं. मनूची टीम खेळते ती पद्धत ब्रिटिश पार्लमेंटरी. जागतिक विद्यापीठ स्पर्धाही याच पद्धतीने होते. ती १९८१ मध्ये ग्लासगोला सुरू झाली आणि २०१४ ची चेन्नईला झाली. एका खोलीत चार टीम, प्रत्येकीत दोघं. दोन टीम सरकार पक्षाच्या, दोन विरोधी. कुठली बाजू येणार हे ठरवलेलं असतं, आपल्या मताला विचारतं कोण! विषय कळल्यावर १५ मिनिटं मिळतात. फोन नाही, कोच नाही, फक्त जोडीदार. मग आठ भाषणं, प्रत्येकी ७ मिनिटं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून समोरचा उभा राहून प्रश्न टाकू शकतो, त्याला १५ सेकंद. प्रश्न घ्यायचा की नाही हे बोलणाऱ्याने ठरवायचं, पण एकही घेतला नाही तर घाबरला असं परीक्षक धरतात. शेवटी चार टीमना ३, २, १, ० असे गुण, बरोबरी नाही. वक्त्याचे गुण वेगळे, त्यात ७५ म्हणजे सर्वसाधारण. डिस्टिंक्शन समजून पेढे वाटू नका.

यात बोलण्याइतकंच, माझ्या मते बोलण्याहून जास्त, ऐकून टिपण्याचं काम असतं. त्या कागदाला फ्लो म्हणतात. ए-थ्री कागद आडवा घ्यायचा आणि एकाच दिशेने तीनदा अर्धा दुमडायचा. उघडला की आठ उभे रकाने, प्रत्येक सव्वापाच सेंटिमीटरचा. एका वक्त्याला एक रकाना. मुद्दे निळ्या पेनने, दुसऱ्याच्या मुद्द्याला दिलेलं उत्तर लाल पेनने, उत्तरापासून मुद्द्याकडे बाण. शेवटी ज्या मुद्द्याकडे एकही बाण गेला नाही त्याला गोल करायचा. सामना बहुधा त्या गोलांवर जातो. नवखी मुलं वाक्यंच्या वाक्यं उतरवत बसतात, हात मागे पडतो आणि नेमकं कारण निसटतं. चार-पाच शब्द पुरतात.

आता जवळून पाहा. समजा विषय आहे: ‘हे सभागृह शहराच्या मध्यभागात खाजगी गाड्यांवर शुल्क लावेल.’ (लंडनमध्ये २००३ पासून आहे असं.) मनू म्हणेल, ‘यामुळे प्रदूषण कमी होईल.’ बाबा, हे घोषवाक्य झालं, मुद्दा नव्हे. विचारा, का? ती म्हणेल, गाडी आणणं महाग पडलं की लोक बस धरतील. कोण लोक? ज्याच्या दारावरून बस जाते तो. मालाचा टेम्पोवाला नाही, तो शुल्क भरेल आणि भाड्यात चढवेल. मग सरकार पक्षाने हेही सांगायला हवं की जमा झालेला पैसा बसवरच खर्च करू. अशा तीन-चार ‘का’ आणि ‘कोण’ नंतर मुद्दा उभा राहतो. सात मिनिटांत असे दोन पुरे. पाच अर्धवट मुद्दे मांडणारी टीम हमखास खाली जाते.

त्याच बाजूची दुसरी टीम मागून येते, तेव्हा तिला पहिलीची री ओढून चालत नाही आणि तिला खोटं पाडूनही चालत नाही. नवं काही आणावंच लागतं. पहिली टीम प्रदूषणावर बोलली असेल तर दुसरीने म्हणावं की रस्ता मोकळा झाल्याने बस वेळेवर पोचते, आणि बसमधला माणूस बहुधा ज्याच्याकडे गाडीच नाही तो. प्रत्येक बाजूचा शेवटचा वक्ता नवा मुद्दा आणत नाही, फक्त झालेल्या भांडणाचा निवाडा आपल्या बाजूने मांडतो.

मनूची खोड आत्ताच सांगते. ती समोरच्याचं खोडण्यात रमते आणि स्वतःचं काही उभं करत नाही. न्यायशास्त्रात याला वितंडा म्हणतात हे तुम्हीच सांगायचात. तिला आधी पूर्वपक्ष मांडायला लावा: समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं, मग उत्तर.

म्हणून रविवारी उच्चार, हातवारे, ‘अध्यक्ष महोदय आणि पूज्य गुरुजन’ हे सगळं सोडून द्या; पहिल्या वाक्यात बाजू कळली की झालं. घड्याळ लावा, रकान्यात टिपा, तिच्या तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आईने एक प्रश्न टाकावा. सात मिनिटं झाली की थांबवा, गोल केलेले मुद्दे वाचून दाखवा. मग तोच विषय तिला मराठीतून बोलायला सांगा. इंग्रजीतले ठराविक शब्द हाताशी नसले की पोकळ जागा लगेच दिसते.

आमचे सकाळचे ८ म्हणजे तुमचे संध्याकाळचे साडेपाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातील, त्या दिवसापासून साडेसहा. ए-थ्री मिळाला नाही तर दोन ए-फोर उभे धरून शेजारी शेजारी चिकटवा. लाल पेन आईच्या दुधाच्या हिशेबाच्या वहीत असेल.

तुमची,
वैशू