रविवारचा चित्रपट: आई-वडिलांनाही घेऊन या

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला बेळगावच्या टिळकवाडीतल्या नेहमीच्या जागी आपण रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ बघणार आहोत. 2025 साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला हा मराठी चित्रपट. वडील गेल्यावर आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी येतो. नातेवाईक लग्नाचा धोशा लावतात, आणि बालपणीचा मित्र बाळ्या पुन्हा जवळ येतो. आनंद समलिंगी आहे, हे आईला ठाऊक आहे. भावकीला काय सांगायचं, हा तिचा पेच. खानापूर-निपाणीकडच्या कुठल्याही घरात हे घडू शकतं, म्हणून हाच निवडला.

शक्य असेल त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना जरूर आणावं. तरुणांनीच बघून काय उपयोग?

नंतर चर्चा आहे. मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला, पण कुणाला ‘तू तसा आहेस का?’ असं विचारू नका. आलेल्यांचे फोटो काढायचे नाहीत, ग्रुपवर टाकायचे तर नाहीतच. याबाबत कुणालाही सूट नाही.

खानापूरकडे परतणाऱ्यांनी शनिवारपर्यंत कळवावं. गाड्यांतून सोडायची सोय करू.