सॉफ्टवेअर घेताना आतल्या लायब्ररींची यादी मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सायबर फसवणुकीबद्दल आपल्या दैनिकात जे येते ते मी नेमाने वाचतो. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे अगदी योग्य आहे. पण ही सगळी खबरदारी खातेदाराच्याच गळ्यात पडते. ज्या सॉफ्टवेअरवर त्याचे पासबुक छापले जाते, त्याच्या पोटात काय आहे हे कुणी विचारत नाही. मी अठरा वर्षे सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. हा प्रश्न मला आजवर एकाच ग्राहकाने विचारला आहे.

आम्ही स्वतः लिहितो ते व्याजाचे हिशेब, कर्जाचे हप्ते, थकबाकीच्या याद्या. पीडीएफ तयार करणे, डेटाबेसशी बोलणे, व्यवहारांचा लॉग, म्हणजे घडेल त्याची नोंद, ठेवणे ही कामे जगभरच्या लोकांनी लिहून मोफत खुल्या केलेल्या लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार भाग, करतात. त्यात गैर काहीच नाही. सगळे स्वतः लिहायला बसलो तर एका पतसंस्थेचेही काम पुरे व्हायचे नाही. अडचण अशी की एक लायब्ररी घेतली की ती आपल्याबरोबर दुसऱ्या चार आणते, त्या आणखी काही. एकीला बोलावले की घरात वीस येऊन बसतात, आणि त्यांची नावे आम्हालाच ठाऊक नसतात.

शुक्रवार, १० डिसेंबर २०२१. लॉगफोरजे या, जावा प्रोग्रॅमिंग भाषेतल्या लायब्ररीतल्या दोषाची बातमी जगभर पसरली होती. तिचे काम फक्त लॉग लिहिण्याचे. पण येणाऱ्या मजकुरात ठरावीक अक्षरे असली की ती त्याला आज्ञा समजायची, बाहेरच्या सर्व्हरकडे जायची आणि तिथून आलेला कोड चालवायची. लॉगिनच्या चौकटीत नावाच्या जागी ती अक्षरे टाकली तरी पुरे. दोषाची तीव्रता ठरवली गेली दहापैकी दहा. त्या संध्याकाळी एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना मी फोनवर छातीठोकपणे सांगितले, “आपल्याकडे ती लायब्ररी नाही.”

शनिवारी सकाळी ती सापडली. जिन्याखालच्या कपाटात सर्व्हर, त्यावर खंडेनवमीचे हळदकुंकू तसेच. आमच्या प्रोग्रॅममध्ये लॉगफोरजे खरोखरच नव्हती. अहवाल छापण्यासाठी घेतलेल्या एका तयार घटकाच्या जार फाईलमध्ये, म्हणजे जावाचा कोड बांधून ठेवलेल्या गाठोड्यात, दुसरी जार होती, आणि तिच्यात लॉगफोरजेची आवृत्ती २.८.२. बसवल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. मोबाइलवर शिल्लक दिसावी म्हणून तो सर्व्हर इंटरनेटला जोडलेला होता. व्यवस्थापक म्हणाले, “साहेब, व्यवस्थित चाललंय की. आज बंद कशाला? पाच वाजता पिग्मी एजंट भरणा घेऊन येतील.” मी बंद केला. जारमधून तो दोषी क्लास, म्हणजे कोडचा तेवढा भाग, काढला, आधी २.१५ बसवली, तीही अपुरी ठरली म्हणून २.१६, मग २.१७. दहा दिवसांच्या आत तीनदा. लॉग तपासले, कुणी आत आल्याची खूण नव्हती. पण ती फोनवरची खात्री मी कशाच्या जोरावर दिली होती, हे मला अजून सलते.

जुने तसेच राहू दिले तर काय होते, ते २०१७ मध्ये अमेरिकेत इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाची माहिती ठेवणाऱ्या कंपनीने भोगले. तिच्या वापरातल्या अपाची स्ट्रट्स या लायब्ररीची दुरुस्ती मार्चमध्ये आली होती, ती लागली नाही, मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. म्हणून नवे आले की डोळे मिटून बसवा, असेही नाही. ८ सप्टेंबर २०२५ रोजी एनपीएम या जावास्क्रिप्ट लायब्ररींच्या ऑनलाइन भांडारातल्या चॉक, डीबग अशा अतिशय वापरातल्या पॅकेजेसच्या विषारी आवृत्त्या बाहेर पडल्या, कारण त्या सांभाळणाराच एका बनावट ईमेलला फसला होता. त्या काढून टाकेपर्यंतच्या थोड्या वेळात ज्यांची यंत्रणा नवे आपोआप उचलत होती, धोका त्यांना होता. ज्यांनी आवृत्त्या पक्क्या करून ठेवल्या होत्या ते बचावले.

आम्ही आता तेच करतो. प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती पक्की. नवी आली की आठवडाभर थांबतो, चाचणीच्या सर्व्हरवर मार्चअखेरचे व्याज पुन्हा काढून पैसा न् पैसा ताडून पाहतो, मग बसवतो. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर आठवडा थांबत नाही. या कामाला माणसे आणि दिवस लागतात, पण एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, करारात ते कुठेच नसते. तिथे लिहिलेले असते, ‘सॉफ्टवेअर चालू स्थितीत ठेवणे’. संचालक मंडळ विचारते, स्क्रीन तर तशीच आहे, मग पैसे कशाचे?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबॉमबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सर्व घटकांच्या आवृत्त्यांसह यादीबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. माझी सहकार खात्याला आणि नगरपालिकांना कळकळीची विनंती आहे: निविदेत ही यादी मागा, ती दरवर्षी अद्ययावत करून घ्या, आणि दुरुस्त्या बसवण्याचे काम एएमसीत स्वतंत्र कलम घालून त्याचा मोबदला द्या. लेखापरीक्षकांनीही ती यादी पाहावी.

ज्या एका ग्राहकाने मला विचारले, त्या एका महिला पतसंस्थेच्या सचिव. मी त्यांना २१४ ओळींची यादी दिली. त्यांनी ती घरी नेऊन वाचली आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, “यातल्या किती जणींना आता कुणी वाली नाही?” मी शोधले. नऊ लायब्ररींची देखभाल बंद पडली होती. सहा बदलून झाल्या. उरलेल्या तिघींपैकी एक पासबुक छापते. तिच्या जागी दुसरी बसवण्याचे काम चालू आहे.

आपला,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, सांगली