दहावीचं गणित आणि मोबाइलवरची मदत

पुणे, रविवार

प्रिय सुधीर,

दहावीतल्या मुक्तासाठी गणिताचं एखादं चांगलं अ‍ॅप सुचव, असं तू लिहिलंस. नावं सांगतोच, पण ती नेमकी कुठे अडते ते आधी बघ. धडाच कळलेला नाही, की पद्धत कळली पण मधली एखादी ओळ चुकते, की आलेलं उत्तर फक्त ताडून बघायचंय? तिन्हींना मदत वेगळी लागते. मुलं मात्र तिन्ही वेळा फोटो काढून उत्तर देणारं अ‍ॅपच उघडतात.

धडा कळला नसेल तर बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीला छापलेला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी अ‍ॅपने स्कॅन कर. तिथलं साहित्य फुकट आहे आणि तिच्याच पुस्तकाला धरून आहे. यूट्यूबवर नुसतं ‘वर्गसमीकरणे’ शोधलं तर दुसऱ्याच बोर्डाचं काहीतरी समोर येतं, म्हणून ‘महाराष्ट्र बोर्ड’, इयत्ता आणि सरावसंचाचा क्रमांक टाकायचा. उदाहरण सुरू झालं की व्हिडिओ थांबवायचा, पुढची ओळ वहीत लिहायची, मगच चालू करायचा. सलग बघितलेलं गणित बघताना सगळं कळतं आणि वहीत एक ओळ उतरत नाही.

आता फोटोवाली अ‍ॅप्स. फोटोमॅथ छापील गणित चांगलं वाचतं, हाताचं लिहिलेलं वाचताना घोटाळे करतं. एका फोटोत एकच उदाहरण घ्या, उजेड बाजूने येऊ द्या, अपूर्णांकाची रेघ लांब काढा. एक्स आणि गुणाकाराची फुली सारखी दिसत असेल तर गुणाकारासाठी कंस वापरा. देवनागरी अंकांची सवय असेल तर आणखी जपा, आपला एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. अ‍ॅपने काय वाचलं ते पडद्यावर दिसतं. आधी ती ओळ तपासायची, उत्तर नंतर.

खरी अडचण पद्धतीची आहे. पुस्तक म्हणतं, ३क्ष + २य = १२ आणि ५क्ष − २य = ४ क्रेमरच्या पद्धतीने सोडवा. अ‍ॅप दोन्ही समीकरणांची बेरीज करून ८क्ष = १६, म्हणून क्ष = २ आणि य = ३ असं दोन ओळींत सांगून मोकळं होतं. उत्तर बरोबर आहे, पण प्रश्नात मागितलेली पद्धत वहीत नाही, म्हणजे पायऱ्यांचे गुण गेले. तिथे निश्चयक, म्हणजे समीकरणांतले आकडे दोन ओळी-दोन स्तंभांत मांडून तिरक्या गुणाकारांच्या वजाबाकीने काढलेल्या संख्या, लिहावे लागतात: मुख्य निश्चयक −१६, क्षचा −३२, यचा −४८. यचा निश्चयक काढताना १२ आणि ४ दुसऱ्या स्तंभात यायला हवेत, मुलं ते पहिल्याच स्तंभात बसवतात. चूक नेहमी तिथेच असते, आणि अ‍ॅपच्या दोन ओळींत ती दिसणारच नाही. पूर्ण वर्ग पद्धतीचंही तसंच. क्ष² + ८क्ष − ४८ = ० चे अ‍ॅप बहुधा अवयव पाडेल; तिला मात्र ८ च्या निम्म्याचा वर्ग १६ मिळवून (क्ष + ४)² = ६४ पर्यंत यायचंय. अ‍ॅपमध्ये दुसरी पद्धत निवडायची सोय असते, ती उघडून बघ. वोल्फ्रॅम अल्फा या गणितं सोडवणाऱ्या संकेतस्थळावर उत्तर फुकट मिळतं, सविस्तर पायऱ्यांना पैसे पडतात. ताडून बघायला मला तेच पुरेसं वाटतं. खरं तर आलेली उत्तरं, ४ आणि −१२, समीकरणात घालून बघितली तर तेही लागत नाही.

मधली ओळ चुकत असेल तर चॅटबॉट कामाचा आहे, पण विचारायचं कसं ते तिला शिकव. ‘हे सोडव’ असं नाही. पूर्ण प्रश्न, सांगितलेली पद्धत, स्वतःच्या सगळ्या ओळी, आणि मग: ‘उत्तर सांगू नकोस, पहिली चुकीची ओळ कोणती आणि का ते सांग.’ चॅटबॉट साधी आकडेमोडही कधी ठामपणे चुकवतो. भूमितीची आकृती फोटोतून देऊ नये. कोणता बिंदू कुठे, कोणती रेषा स्पर्शिका, हे शब्दांत लिहावं. अर्थनियोजनाच्या धड्यात जीएसटीचा दर प्रश्नात दिलेलाच घ्यायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले, त्यामुळे चॅटबॉट पुस्तकातला १२ किंवा २८ टक्के दर ‘दुरुस्त’ करायला जाईल.

वर्तुळाच्या धड्यासाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं अ‍ॅप घे, फुकट आहे. वर्तुळावर तीन बिंदू घेऊन अंतर्लिखित कोन मोजायचा आणि शिरोबिंदू त्याच कंसावर सरकवायचा. माप हलत नाही. तो बिंदू बाकीच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या जीवेच्या पलीकडे गेला की माप बदलतं आणि दोन्ही मापांची बेरीज १८० येते. चक्रीय चौकोनाचं प्रमेय तिला तिथेच दिसेल. सिद्धता मात्र कारणांसकट हातानेच लिहावी लागेल. भौमितिक रचना तर मोबाइलवर करूच नका: अ‍ॅप एका टिचकीत स्पर्शिका काढतं, परीक्षेत कंपासचे कंस दिसावे लागतात.

पैसे भरून घ्यायच्या अ‍ॅपची घाई नको. ‘सात दिवस फुकट’ म्हणताना बहुतेक ठिकाणी ऑटोपे, म्हणजे खात्यातून पैसे आपोआप कापायची परवानगी, चालू करून घेतात. नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने तो बंद होत नाही, यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन तिथून रद्द करावा लागतो.

तिच्या वहीतली चुकलेली दोन-तीन गणितं खाडाखोडीसकट पाठव. नीट उतरवून काढू नकोस, खाडाखोडच बघायची आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश