शाल-श्रीफळाच्या बातमीवर विकिपीडियात पान होत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्याकडे मागे एका वाचकाचं पत्र आलं होतं, की विकिपीडियावर कोण्या यूट्यूबरचं पान असते आणि आपल्या विदर्भातल्या कलावंतांचं काहून नसते, हा अन्याय आहे म्हणून. राग समजू शकतो, पण तो चुकीच्या दारावर निघतोय. मी फावल्या वेळात मराठी विकिपीडियावर लिहितो म्हणून थोडं सांगतो.

तिथं माणूस मोठा की लहान हे कोणी मोजत नाही. बघतात एवढंच, की त्या माणसाशी देणंघेणं नसलेल्या कोणीतरी, भरवशाच्या ठिकाणी, त्याच्याबद्दल सविस्तर लिहिलंय का. स्वतःची वेबसाइट, फेसबुक, पुतण्याने लिहिलेला लेख, पैसे देऊन छापलेली वाढदिवसाची पुरवणी, हे काहीच चालत नाही. मुलाखतीलाही फार वजन नाही, कारण तिच्यात शेवटी माणूस स्वतःबद्दलच बोलतो ना. आणि मला हा नियम पटतो, नाहीतर नागपुरात चौकाचौकात फ्लेक्सवर जेवढे भावी नगरसेवक आहेत तेवढी पानं उद्या सकाळी तयार होतील बाप्पा.

पण कोणी लिहिलंच नसेल तर? डोना स्ट्रिकलँड म्हणून कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्यावरचा मसुदा मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने संदर्भ कमी पडतात म्हणून परत केला आणि २ ऑक्टोबरला बाईंना नोबेल जाहीर. मग सगळ्यांनी विकिपीडियाला धुतलं. पण तोवर पेपरवाल्यांनी तरी त्यांच्यावर किती लिहिलं होतं?

आपल्याकडे तेच चाललंय. आमच्या नंदनवन वस्तीत एक म्हातारे शाहीर आहेत, खडी गंमत करायचे, म्हणजे आपल्या विदर्भातलं तमाशासारखं लोकनाट्य. त्यांच्या नातवाने पान बनवा म्हणून कात्रणांची फाइल आणून दिली, चांगली जाडजूड. उघडून पाह्यलं तर प्रत्येक बातमीत अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख पाहुणे कोण, मंचावर कोणकोण, संचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, आणि मधातच कुठंतरी 'यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला'. बस. शाहीर जन्मले कुठं, ढोलकी कोणाजवळ शिकले, आधी नाच्या म्हणून उभे राहिले की थेट शाहिरी केली, एक ओळ नाही. वरून घरच्यांनी कात्रण इतकं काठोकाठ कापलेलं की पेपरचं नाव गेलं, तारीख गेली. आता मी संदर्भ काय देऊ, नातवाचं नाव?

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली, तिथं प्रश्न मिटला. पण प्रत्येकाने पद्मश्रीची वाट पाहायची काय? जुलै १९४२ मध्ये आपल्या नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या अशा जुन्या कार्यकर्त्या बायांना शोधून, त्यांच्याशी बोलून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं, म्हणून आज त्यातल्या कितीतरी बायांबद्दल लिहिताना संदर्भ म्हणून काहीतरी दाखवता येते. ते पुस्तकच नसतं तर त्या बाया विकिपीडियाच्या हिशोबाने नव्हत्याच.

लोकांना वाटते की संदर्भ इंग्रजीच पाहिजे, ऑनलाइनच पाहिजे. तसं नाही. मराठी छापील पेपर चालतो, फक्त पेपरचं नाव, तारीख, पान नंबर आणि लिहिणाऱ्याचं नाव असलं की झालं. म्हणजे कोणाचं पान होईल हे अर्धं तुमच्या ऑफिसातच ठरते साहेब, विकिपीडियावर नंतर.

म्हणून मागणी अशी, की नागपूरच्या पानावर आठवड्यातून एकदा अर्धं पान एका माणसावर द्या, आयोजकांनी पाठवलेली प्रेसनोट नाही, तुमच्या रिपोर्टरने दोन-चार लोकांना विचारून स्वतःच्या नावाने लिहिलेलं. दुसरं, ई-पेपरच्या जुन्या लिंक काही महिन्यांनी उघडतच नाहीत, त्याचं काहीतरी करा, नाहीतर जुन्या बांधीव फायली तरी लोकांना बसून पाहू द्या, झेरॉक्सचे पैसे आम्ही देऊ.

सुरुवात आमच्या शाहिरांपासून करायची असेल तर नातू तयार आहे. म्हातारबुवा अजून खणखणीत बोलतात, फक्त दुपारी झोपतात, तेव्हा रिपोर्टरला सकाळी दहाच्या आत पाठवा.

आपला,
एक वाचक, नंदनवन, नागपूर