जपानला जातोस तर आधी तारीख बघ

पुणे

प्रिय अव्या,

तुझा बेत वाचला. टोकियोतली तीन मोठी संग्रहालयं, मग क्योतोची देवळं. उकियो-ए, म्हणजे लाकडी ठशांची रंगीत प्रिंट्स बघायची असतील तर टोकियोतले दोन दिवस काप आणि नागानो प्रांताला दे. तिथे ओबुसे आणि मात्सुमोतो अशी दोन ठिकाणं आहेत. गर्दी कमी असते आणि काचेला नाक लावून उभं राहिलास तरी मागून कोणी ढकलत नाही.

पण तिकिटं काढायच्या आधी तारखा बघ. ही प्रिंट्स कायम भिंतीवर नसतात. जपानमध्ये महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून नोंदलेली वस्तू साधारणपणे वर्षातून दोनदा, एकूण ६० दिवसांच्या आतच मांडायची असा सरकारी दंडक आहे. रंग लवकर उडणारे असतील तर ३० दिवस. नोंद नसलेल्या प्रिंट्सनाही संग्रहालयं आपणहून असाच काहीसा नियम लावतात. त्यामुळे दोन महिन्यांचं प्रदर्शन असलं की ते बहुधा दोन भागांत असतं. पहिला भाग झेन्की, दुसरा कोकी. मधल्या अदलाबदलीला तेन्जीगाए म्हणतात. पोस्टरवर होकुसाई या चित्रकाराची प्रसिद्ध लाट असते, आपण कोकीत पोचतो, आणि लाट गेल्या रविवारीच पेटीत गेलेली असते. संग्रहालयाच्या साइटवर कलाकृतींची यादी असते, तिच्यात प्रत्येक चित्रासमोर कुठल्या भागात आहे त्याची खूण केलेली असते. मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करून घे आणि हवं ते चित्र कधी आहे ते पाहूनच दिवस ठरव. दोन प्रदर्शनांच्या मध्ये अख्खं संग्रहालयच काही दिवस बंद असतं, तेही तिथेच कळतं. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद, आणि सोमवारी सरकारी सुट्टी आली तर ती उघडी राहून मंगळवारी बंद. आपली माणसं हमखास इथे फसतात.

एवढी काटकसर कशासाठी, हे रंगांची नावं ऐकलीस की लगेच पटेल, कारण त्यातले बहुतेक तुझ्या ओळखीचे आहेत. लाल-गुलाबी रंग, बेनी, हा करडईच्या पाकळ्यांचा. सोलापूरकडे तेलासाठी पेरतात तीच करडई. जुना निळा त्सुयुकुसाच्या फुलांचा. आपल्या शेतात तण म्हणून उपटतात त्या केन्याची ही सख्खी बहीण. पिवळ्यासाठी हळद किंवा हरताळ हे पिवळं खनिज, गडद निळ्यासाठी नीळ, नारिंगीसाठी शेंदूर. आता हळदीचा डाग उन्हात टाकल्यावर काय होतं ते तुला ठाऊक आहेच. फुलापानांचे रंग उजेडाने असेच उडतात. केन्याचा निळा तर पाण्याच्या थेंबानेही पसरतो, आणि राहिला तरी भुरकट पिवळा होतो. निळा आणि बेनी मिसळून केलेला जांभळा आज बऱ्याच प्रतींत तपकिरी दिसतो. शेंदराची तऱ्हा उलटी, तो उडत नाही, काळवंडतो. म्हणजे १७७० च्या सुमाराच्या एखाद्या चित्रात नदी मातकट दिसली तर चित्रकाराला गढूळ पाणी काढायचं होतं असं समजू नकोस. ती निळी होती.

१८३० च्या आसपास प्रशियन ब्लू हा परदेशी रंग स्वस्तात मिळू लागला. जपानी त्याला बेरो-आई म्हणतात. तो टिकाऊ. होकुसाईची फुजीची छत्तीस दृश्यं (प्रत्यक्षात ४६ प्रिंट्स आहेत, मागाहून दहा वाढवली) त्या वेळची, म्हणून त्यांचा निळा अजून ठसठशीत आहे. त्याच चित्रांतला गुलाबी मात्र बऱ्याच प्रतींत उडालाय. त्यातल्याच लाटेच्या आकाशात मुळात फिकट गुलाबी ढग होते, हे सांगितलं तर अनेकांना खरं वाटत नाही.

दालनात उजेड अगदी मंद, ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास असतो. बाहेरच्या उन्हातून शिरलास की काहीच दिसणार नाही. पहिली दहा मिनिटं माहितीफलक वाचण्यात घालव, तोवर डोळे सरावतात. तुझा तो उन्हात काळा होणारा चष्मा नेऊ नकोस, आत गेल्यावर निवळायला वेळ लागतो. साधा ने. जवळचंही स्पष्ट दाखवणारी चार-सहा पट क्षमतेची एका डोळ्याची छोटी दुर्बीण मिळाली तर घे. ओबान आकाराचं प्रिंट साधारण ३९ बाय २६ सेंटिमीटर, म्हणजे ए-३ कागदापेक्षा थोडं लहान, आणि खरी मजा केसांच्या रेघांत असते. टिपणं पेन्सिलीनेच काढायची, पेन दिसलं की कर्मचारी नम्रपणे पेन्सिल आणून देतात.

बघायचं काय? मळवलीच्या रविवर्मा प्रेसच्या चित्रांत प्रत्येक रंगाला वेगळा दगड असायचा, तसा इथे प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा. लाकूड डोंगरी चेरीचं, कागद कोझो या झाडाच्या सालीचा, किंचित ओला. ठोकळ्याच्या एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि कडेला एक सरळ खाच कोरतात. या खाचांना केन्तो म्हणतात, कागद दर वेळी त्यांतच टेकवायचा. मग पाठीवरून बारेनने, म्हणजे बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या चकतीने घासायचं. छापताना कागद सुकला तर तो आकसतो, केन्तो बरोबर असूनही रंग रेघेबाहेर जातो. ओठांच्या आणि बोटांच्या कडा बघ, तिथे चूक आधी दिसते.

आकाशाच्या वरच्या पट्टीतला रंग खाली विरत जातो तो बोकाशी. तो ठोकळ्यात कोरलेला नसतो. छापणारा दर वेळी ओल्या लाकडावर हाताने रंग विरवतो, म्हणून दोन प्रती एकसारख्या नसतात. हिरोशिगे या चित्रकाराच्या एदोच्या (टोकियोचं जुनं नाव) शंभर दृश्यांच्या (१८५६-५८) सुरुवातीच्या प्रतींत यावर फार मेहनत आहे, मागणी वाढल्यावर घाईघाईत ती गळाली. लाटेपुढे उभा राहिलास तर वर डावीकडची, नाव लिहिलेली चौकट बघ. तिची डावी रेघ तुटली असेल तर ठोकळा झिजल्यावरची प्रत. एकदा काचेच्या बाजूला सरकून तिरकंही बघ. रंग न लावता दाबून उठवलेली नक्षी आणि अभ्रकाची चमक समोरून दिसतच नाही.

एक सावधगिरी. पाटीवर फुक्कोकु लिहिलं असेल तर ठोकळे नव्याने कोरून छापलेली प्रत, फुकुसेई असेल तर नुसती प्रतिकृती. यात फसवणूक नाही, नाजूक मूळ प्रतीऐवजी ठेवतात. फुक्कोकुपुढे मुद्दाम थांब. नवा बेनी कसा भडक असतो ते पाहून मग जुनी प्रत बघितलीस की दोनशे वर्षांत किती गेलं त्याचा अंदाज येतो.

आता गावं. ओबुसेला नागानोहून नागानो देन्तेत्सु या खाजगी रेल्वेने अर्ध्या तासात पोचतोस. जेआर या मोठ्या रेल्वेचा प्रवासी पास तिथे चालत नाही, सुटे येन ठेव. ताकाई कोझान या सधन व्यापाऱ्याने बोलावल्यावरून होकुसाई ऐंशी उलटल्यावर तिथे जाऊन राहायचा. १९७६ साली उघडलेल्या होकुसाई-कानमध्ये प्रिंट्स बदलत राहतात, पण त्याने रंगवलेली उत्सवाच्या रथांची छतं बघ, एकावर ड्रॅगन आणि फिनिक्स, दुसऱ्यावर लाटा. स्टेशनपासून दोनेक किलोमीटरवरच्या गान्शोइन देवळाच्या छतावर २१ तातामी चटयांएवढा फिनिक्स आहे. तो १२ फळ्यांवर जमिनीवर ठेवून रंगवला, मग वर चढवला. रंग मुख्यतः खनिज, शिवाय ऊन लागत नाही, म्हणून प्रिंट्सपेक्षा कितीतरी ताजा दिसतो. बसून बघायचं, फोटो बंद. ओबुसे चेस्टनटचं गाव आहे, शरदात खाण्यासाठीच एवढी गर्दी होते की शनिवार-रविवार टाळच.

मात्सुमोतोचं जपान उकियो-ए म्युझियम १९८२ चं, साकाई घराण्याच्या सुमारे एक लाख वस्तूंच्या संग्रहाचं. मात्सुमोतोहून कामिकोची लाइनने ओनिवा स्टेशन, पुढे वीसेक मिनिटं पायी. ही लाइनही जेआरची नाही. इमारत छोटी आहे, एका वेळी संग्रहाचा फार थोडा भाग बाहेर असतो. तरी एकच जागा निवडायची झाली तर प्रिंट्ससाठी मी हीच निवडेन, ओबुसे हाताने काढलेल्या चित्रांसाठी.

जायच्या आधी एक रविवार मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात काढ. टाटा बंधूंच्या संग्रहातल्या जपानी वस्तू तिथे आहेत, मंद उजेडात पाटी न वाचता वस्तू बघायचा सराव होईल.

प्रदर्शनांची ए-४ आकाराची रंगीत पत्रकं, चिराशी, दाराशी फुकट ठेवलेली असतात. शेजारच्या गावांतल्या प्रदर्शनांचीही तिथेच मिळतात. पिशवीत कोंबलीस तर चुरगळतील, प्लास्टिकचं फोल्डर बरोबर ने. माझ्यासाठी प्रत्येकी दोन आण.

तुझा,
मिलिंद