मुक्काम सांतो दोमिंगोच्या जुन्या वस्तीत करा

संपादक महोदय,

कॅरिबियन म्हटले की पर्यटन पुरवण्यांत समुद्रकिनाऱ्यावरची रिसॉर्टच दिसतात. मुलगी न्यू जर्सीत असल्याने आम्ही तिथूनच डॉमिनिकन रिपब्लिकला गेलो आणि मुक्काम मुद्दाम त्या देशाची राजधानी सांतो दोमिंगोच्या ‘सोना कोलोनियाल’ या जुन्या स्पॅनिश वसाहतकालीन भागात ठेवला. ओसामा नदीच्या पश्चिम काठावर १५०२ मध्ये वसवलेली ही वस्ती १९९० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जाड भिंती, मधोमध चौक, लाकडी सज्जे. वाड्यात वाढलेल्या माणसाला इथे परके वाटत नाही. कॅथेड्रल, कोलंबसच्या मुलाचा आल्काझार म्हणजे राजवाडा, सोळाव्या शतकातल्या रुग्णालयाचे अवशेष, सगळे पायी फिरून होते.

इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्याने मला मात्र नुसत्या देखण्या इमारती पुरत नाहीत. हे वैभव या बेटावरच्या मूळ रहिवासी तैनो लोकांच्या वेठबिगारीवर आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या कष्टांवर उभे राहिले. १५११ मध्ये आंतोनियो दे मोन्तेसिनोस या धर्मगुरूने याच शहरात, भर प्रवचनात, तैनो ही माणसे नाहीत का, असा सवाल स्पॅनिश वसाहतवाल्यांना केला. त्याचा भव्य पुतळा समुद्रालगत आहे. तो चुकवू नये.

शनिवार-रविवारी गाणे-बजावणे रात्री उशिरापर्यंत चालते. झोप सावध असेल तर खोली रस्त्याकडची नव्हे, आतल्या चौकाकडची मागावी. जुन्या इमारतींत लिफ्ट असेलच असे नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे.

आपल्या पुरवणीत अशा वस्त्यांवरही सविस्तर लेख यावेत, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा