शेवटच्या प्रकरणातली कबुली

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

मराठी रहस्यकादंबरीला ओहोटी का लागली, याची चर्चा करणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच वाचला. लेखकाने मोबाइल, वेब मालिका आणि गल्लोगल्ली बंद पडलेली भाड्याची वाचनालये यांच्यावर सारा दोष ठेवला आहे. कादंबरीकाराला मात्र संशयितांच्या यादीतही घेतलेले नाही. महिन्याला दोन-तीन रहस्यकादंबऱ्या मी आजही वाचते, पण त्यांतल्या बहुतेक आता अनुवादित असतात. मराठीतल्या स्वतंत्र रहस्यकादंबरीपासून मी दूर गेले ती मोबाइलमुळे नव्हे, तिच्या शेवटच्या प्रकरणामुळे.

थोडी ओळख देणे भाग आहे. मी सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून एकतीस वर्षे नोकरी केली. कायद्याची पदवी माझ्याजवळ नाही, त्यामुळे पुढे लिहिते आहे ते वकिली मत समजू नये. पण न्यायाधीश साहेब सांगत त्या साक्षी टंकलिखित करता करता, खून कसा घडतो यापेक्षा तो शाबीत कसा होतो, किंवा होत नाही, हे मी फार जवळून ऐकले आहे. दिवसभर हेच ऐकून रात्री पुन्हा खुनाचीच पुस्तके कशी वाचवतात, असे माझ्या सासूबाई विचारीत. कोर्टातल्या गोष्टीचा शेवट तारखांमध्ये हरवतो, पुस्तकातला त्याच रात्री हाती येतो, एवढेच त्यावर माझे उत्तर असे. तो शेवटच कच्चा निघू लागला, तेव्हा माझी निराशा इतरांपेक्षा थोडी अधिक झाली असेल.

हे शेवटचे प्रकरण आपल्या वाचकांना पाठ असेल. बंगल्याचा दिवाणखाना असतो, बाहेर पाऊस कोसळत असतो, सगळे संशयित सोफ्यावर दाटीवाटीने बसलेले असतात आणि इन्स्पेक्टर दाराशी उभा असतो. खासगी गुप्तहेर वीस पाने बोलतो. एकविसाव्या पानावर पुतण्या (बहुतेकदा पुतण्याच असतो) ताडकन उठतो, ‘हो, मीच संपवले काकांना!’ असे ओरडतो आणि विष कुठून आणले, दुधात केव्हा मिसळले, हातमोजे कुठे जाळले, हे सारे कोणी न विचारता सांगून टाकतो. बेड्या पडतात आणि पुस्तक संपते. असे प्रकरण वाचून झाले की पुतण्याची वाक्ये हाताने झाकून ते पुन्हा वाचायचे, अशी मला सवय लागली आहे. झाकल्यावर पुष्कळदा गुप्तहेराची हुशारी तेवढी शिल्लक राहते. त्या हुशारीवर कोणतेही न्यायालय कोणाला एक दिवसाचीही शिक्षा देणार नाही.

पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हा नियम आपल्याकडे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम २५ मध्ये होता, आणि १ जुलै २०२४ रोजी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला तेव्हा तो नव्या कलम २३ मध्ये येऊन बसला. मारहाण करून कबुली वदवून घेण्याची पोलिसी खोड कायदा करणाऱ्यांना तेव्हाही ठाऊक होती, म्हणून हे कुंपण घातले गेले. दाराशी उभा असलेला तो इन्स्पेक्टर ज्या क्षणी पुढे होऊन ‘बोला, सगळे सांगा’ म्हणतो, त्या क्षणी पुतण्याचे ते तडफदार भाषण कोर्टाच्या दृष्टीने मातीमोल होते. राहता राहिला खासगी गुप्तहेर. त्याच्या एकट्यापुढे दिलेली कबुली न्यायबाह्य कबुली ठरेल. ती अगदीच टाकाऊ नसते, पण न्यायालये तिला कमकुवत पुरावा मानतात आणि दुसरा आधार मागतात. कबुलीचा खरा उपयोग व्हायचा तर ती दंडाधिकाऱ्यापुढे व्हावी लागते. तिथे पोलिसांना बाहेर ठेवतात. कबुली देण्याचे बंधन नाही आणि दिली तर ती विरुद्ध वापरली जाऊ शकते, हे दंडाधिकारी आरोपीला समजावून सांगतात. विचार करायला वेळही देतात. बंद खोली, मध्ये टेबल, आणि तोंड उघडावे की नाही या विचारात बसलेला एक माणूस. असा प्रसंग मराठी रहस्यकादंबरीत निदान माझ्या वाचनात आलेला नाही, आणि पावसातल्या दिवाणखान्यांची मात्र गणतीच नाही.

दिवाणखान्यातला शेवट आपण ॲगाथा ख्रिस्तीबाईंकडून उचलला, पण तो त्यांच्याकडे कसा आला हे पाहिले नाही. १९२० साली प्रसिद्ध झालेली ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ ही त्यांची पहिली कादंबरी. तिच्या मूळ हस्तलिखितात त्यांचा गुप्तहेर हर्क्युल प्वारो साऱ्या प्रकरणाचा उलगडा कोर्टात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून करत होता. हे कोर्टातले दृश्य पटत नाही, म्हणून प्रकाशकाने ते बदलायला लावले आणि बाईंनी सगळ्यांना घरात आणून बसवले. ज्या दृश्याची आपण शंभर वर्षे नक्कल करतो आहोत, ते कोर्टाच्या रीतीला धक्का लागू नये म्हणून जन्माला आले आहे. त्याच कादंबरीतले विष पाहा. पहिल्या महायुद्धात बाईंनी इस्पितळाच्या औषधालयात काम केले होते, आणि स्ट्रिकनीनचा तपशील पुस्तकात इतका नेमका उतरला की औषध व्यावसायिकांच्या नियतकालिकानेही त्याची वाखाणणी केली. आमच्या पुतण्याचे विष म्हणजे नुसते ‘जालीम विष’, आणि त्याचा अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर हजर. ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे’ (व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढलेले मृताचे आतले अवयव) हे वाक्य तर आपल्याच दैनिकात वाचक वरचेवर वाचतात. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, ज्याला आम्ही सी. ए. रिपोर्ट म्हणत असू, दोषारोपपत्र दाखल झाल्यावरही आलेला नाही, हे मी कितीदा तरी ऐकले आहे. अहवाल येत नाही, खुनी सगळ्यांच्या ताटाला ताट लावून जेवतो आहे आणि तपास अधिकाऱ्याच्या हाती संशयापलीकडे काही नाही, हे कथानक आयते पडून आहे.

जुन्यांवर मात्र अन्याय नको. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांच्या झुंजार आणि काळापहाड या नायकांना कोर्टाशी कर्तव्यच नव्हते. त्यांचा न्याय त्यांच्यापाशी होता आणि वाचकाला ते पहिल्या पानापासून मंजूर होते. सुहास शिरवळकरांच्या नायकांमध्ये निदान एक बॅरिस्टर अमर विश्वास होता. बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी तर स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. सत्य शोधणे आणि ते शाबीत करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या एका शब्दात आले. खुनी कोण ते कळले, पण हाती पुरावा नाही, असा शेवट कोणी लिहिला तर मी त्याला हात जोडीन. माझी तक्रार बेड्यांबद्दल आहे. बेड्या घालायच्या असतील, तर त्या टिकतील एवढा पुरावा आधीच्या दोनशे पानांत पेरायला हवा.

हा पुरावा कसा दिसतो? जुन्या कायद्यात कलम २७ होते, आता ते त्याच कलम २३ च्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात, आहे. पोलिसांच्या ताब्यातल्या आरोपीने काही सांगितले आणि त्यावरून एखादी गोष्ट उघडकीस आली, तर त्याच्या सांगण्यातला तेवढ्यापुरता भाग पुराव्यात घेता येतो. प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा, कोट्टय्या खटल्यातला निवाडा वकील मंडळी याबाबत आजही उद्धृत करतात. समजा, आरोपी म्हणाला, ‘ज्या कोयत्याने मी काकांना मारले तो गोठ्याच्या आढ्यात खोचून ठेवला आहे, चला, काढून देतो.’ कायदा या वाक्याचे दोन तुकडे करतो. कोयता आढ्यात ठेवल्याचे आणि काढून देण्याचे पुराव्यात येते. त्याने काकांना मारल्याचे गळते. अशा जागी साहेब सांगता सांगता थांबत, माझी बोटे कळफलकावर थबकत आणि दोन्ही वकील एकदम उभे राहत. एकाच वाक्यातला कोणता शब्द आत येतो आणि कोणता बाहेर राहतो, यावर एका माणसाचा जन्म अवलंबून असे. पाठलाग आणि पिस्तुले माझ्या मते याच्यापुढे फिकी आहेत.

त्यानंतर पंच उभा राहतो. ज्याच्यासमोर कोयता निघाला, तो पंच. एका खटल्यातला पंच मला अजून दिसतो; इस्त्रीचा सदरा घालून आला होता आणि पिंजऱ्याच्या कठड्यावर बोटे वाजवत होता. म्हणाला, मला चहाच्या टपरीवरून बोलावले, कागदावर सही करायला सांगितली, मी केली, कोयता मी आज इथेच पहिल्यांदा पाहतो आहे. सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर करून उलटतपासणीची परवानगी मागितली, आणि मग ते ठरलेले वाक्य मी टंकलिखित केले: ‘आरोपीला वाचवण्यासाठी मी खोटे सांगत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ तो खरे बोलत होता की खोटे, हे मला आजतागायत कळलेले नाही.

पंचनाम्याच्या भाषेची आपण पुष्कळ थट्टा करतो, पण रहस्यकथालेखकाने ती वहीत उतरवून घ्यावी अशी आहे. पंचनाम्यात सोन्याची अंगठी कधी नसते, ‘पिवळ्या धातूची अंगठी’ असते. रक्ताचे डाग नसतात, ‘रक्तासारखे दिसणारे डाग’ असतात. सोने की पितळ ते सोनार सांगेल, रक्त माणसाचे की कोंबडीचे ते प्रयोगशाळा सांगेल. लिहिणाऱ्याने डोळ्यांना दिसले त्यापुढे एक पाऊल टाकायचे नाही. आमच्या कादंबऱ्यांमधला निवेदक मात्र खोलीत शिरल्या शिरल्या ‘मृताच्या बोटातली सोन्याची अंगठी चमकत होती’ असे ठोकून देतो, आणि दोनशे पानांनंतर ती नकली निघते. ही वाचकाची फसवणूक आहे. ‘पिवळ्या धातूची’ असे लिहिले असते तर वाचकाने आपणहून ती सोन्याची समजली असती, आणि उलगडा झाल्यावर लेखकाला नावे ठेवायला त्याला जागा उरली नसती. ख्रिस्तीबाईंच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ या १९२६ च्या कादंबरीवर, वाचकाला फसवले म्हणून, त्या काळी बरीच ओरड झाली. मी ती तीनदा वाचली आहे. दुसऱ्या वाचनात जागोजाग थांबून पाहिले, तर बाई कुठेही खोटे बोललेल्या नाहीत. वाक्य खरेच आहे, आपणच ते भलत्या अर्थाने घेतले. (ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी याहून अधिक सांगत नाही.) रोनाल्ड नॉक्स या पाद्री लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घातले. गुप्तहेराला सापडलेला दुवा तत्काळ वाचकापुढे ठेवावा, हा त्यातला एक. एकाहून अधिक गुप्त खोल्या किंवा भुयारे असू नयेत, हा दुसरा. आमच्याकडचे काही वाडे त्या नियमात नापास होतील.

वाचक हा खेळ मनापासून खेळतो, याचा पुरावा माझ्याजवळ आहे. आमच्या वाचनालयातल्या एका जुन्या प्रतीत कोणीतरी समासात पेन्सिलीने लिहिले आहे, ‘पुतण्या?’ वीस-पंचवीस पानांनंतर ते खोडून ‘डॉक्टर. नक्की.’ शेवटून तिसऱ्या पानावर, कागद फाटेल इतक्या जोराने, ‘हे आधी सांगितलेच नव्हते!!’ त्या अनोळखी वाचकाने पुढची मराठी रहस्यकादंबरी घेतली असेल की नाही, कोण जाणे.

कोर्टाची रीत पाळू गेलो तर पुस्तक रुक्ष होईल, असे एका तरुण लेखकाने मला एकदा सांगितले. तारखांची आणि अर्जांची जंत्री कोणी मागत नाही. एवढेच मागणे आहे, की पुतण्या शेवटपर्यंत तोंड मिटून बसला तरी तो सुटणार नाही, अशी बांधणी करावी. दिवाळी अंकांमधून, विशेषतः ‘धनंजय’सारख्या रहस्यकथांना वाहिलेल्या अंकांतून, अशा बांधणीच्या काही कथा मी वाचलेल्या आहेत, मग कादंबरीला दोनशे पानांची ऐसपैस जागा असताना ते का जमू नये?

जाता जाता एक विनंती खुद्द आपल्या पुरवणीला. रहस्यकादंबरीचे परीक्षण छापताना, लेखकाचा पुरावा खुन्याच्या कबुलीवाचून उभा राहतो की नाही, एवढे परीक्षकाने अवश्य सांगावे. खुन्याचे नाव सांगू नये. गेल्या महिन्यातल्या परीक्षणात ते दुसऱ्याच परिच्छेदात होते. त्या पुस्तकासाठी मी वाचनालयात तीन आठवडे नंबर लावला होता आणि परीक्षण छापून आले त्याच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्या हाती आले होते. मी ते न वाचताच परत केले.

कळावे,
आपली,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका
सातारा